दारू सोडलेला सुधाकर

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास झाला. तो पाहण्यास नाटककार हयात नव्हते. चारच आठवड्यांपूर्वी, २३ जानेवारीस, नागपूरजवळच्या सावनेर येथे त्यांचे देहावसान झाले होते. त्यांचा जन्मही गुजरातेतला. जे नाटक आपण मराठी रंगभूमीचे अगदी घरचे धन समजतो, त्याच्या कर्त्याचा आदि आणि अंत व त्या नाटकाचा रंगभूमीवरील जन्म हे सारे पुण्या-मुंबईच्या बाहेर घडले, ही गोष्ट परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस किंचित सुखावून जाईल. तथापि हे नाटक पुन्हा वाचावयास घेण्याचे आमचे कारण निराळे आहे.

या नाटकाला २०१९ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. एवढ्या अवधीत त्याच्यावर जे लिहिले व बोलले गेले, त्यात दोन सूर ठळक ऐकू येतात. एक, मद्यपानाच्या अनर्थाचे हे प्रभावी चित्र आहे हा. आणि दुसरा, या अनर्थाचा आरंभ न पटणारा आहे हा. सुधाकरासारखा बुद्धिमान आणि मानी वकील एका अपमानासरशी दारूला जवळ करतो, आणि एका पेल्यासरशी रसातळाला जातो, हे कारण व हे कार्य एकमेकांस शोभत नाही, असे आक्षेपकांचे म्हणणे. समर्थकही या आक्षेपाला फारसे उत्तर देत नाहीत. भाषेच्या वैभवाकडे व सिंधूच्या अश्रूंकडे बोट दाखवून ते पुढे जातात. आम्हांस वाटते की हा आक्षेप आणि हे मौन या दोहोंच्या मुळाशी एकच चूक आहे. आपण सर्वांनी हे नाटक पेल्यापासून वाचावयास सुरुवात केली. ते पेल्याच्या थोडे आधीपासून वाचावयास हवे होते.

पेल्याच्या आधी काय घडते? न्यायासनासमोर सुधाकराचा तोल जातो व त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते. काही काळापुरती, हे शब्द महत्त्वाचे आहेत. व्यवहारी मनुष्य म्हणेल, दिवस मोजावेत, घरी बसून चार ग्रंथ वाचावेत, मुदत संपली की पुन्हा कोर्टात उभे राहावे. पण ज्याचे सारे व्यक्तित्व एका पदावर उभे आहे, त्याला मुदतीचा हिशेब सुचत नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी एखादा प्रतिकूल गोपनीय शेरा, एखादे निलंबन, किंवा नको त्या जागी झालेली बदली सोसली असेल, त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. रात्री झोप उडते. कोणी भेटावयास आले तर आतल्या खोलीत जावेसे वाटते. काल आवडलेल्या गोष्टी आज बेचव होतात. अशा अवस्थेतल्या सुधाकरापुढे त्याचा कारकून तळीराम पहिला पेला धरतो. तो मौजेचा पेला म्हणून नव्हे, दुःखावरचे औषध म्हणून धरतो. गडकऱ्यांची नजर येथे किती अचूक होती हे आज अधिक कळते. कारण मनाने खचलेला मनुष्य दारूकडे वळतो तो बहुधा असाच, स्वतःचा वैद्य स्वतःच होऊन.

या अवस्थेला आज मानसवैद्य नैराश्य म्हणतात. हा शब्द आम्हांस फारसा समाधानकारक वाटत नाही. नैराश्य म्हटले की आशेचा विषय संपला एवढेच सूचित होते. औदासीन्य म्हटले तर त्यात विरक्तीची छटा येते. आणि ‘उदास आहे’ हे तर आपण पाऊस लांबला तरी म्हणतो. नेमका शब्द नसल्यामुळे दुखणे नाकारण्याची सोय होते, ती अशी. सुधाकराच्या भोवतालच्या माणसांपाशीही त्यासाठी शब्द नाही. ती त्याला मानी म्हणतात, तापट म्हणतात, पुढे व्यसनी म्हणतात. त्याला काही झाले आहे, असे कोणी म्हणत नाही.

दारूचा गुण असा की ती पहिले दोन-तीन तास मनाची टोचणी बोथट करते, आणि नंतर ती व्याजासह परत करते. पहाटेची झोप मोडते, दुसऱ्या दिवशीची खिन्नता आदल्या दिवशीपेक्षा गडद होते, आणि तिच्यावर उतारा म्हणून संध्याकाळी पुन्हा तेच औषध. खिन्नतेमुळे दारू आणि दारूमुळे खिन्नता, हे रहाट एकदा फिरू लागले की कोणती घागर आधी भरली हे सांगता येत नाही. म्हणूनच दारू पूर्ण थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांनी मनाची स्थिती पुन्हा पाहावी, असा वैद्यकाचा परिपाठ आहे. पुष्कळांची खिन्नता तेवढ्यात ओसरते, काहींची ओसरत नाही, आणि त्यांना तिच्यावर वेगळे उपचार द्यावे लागतात. गडकऱ्यांना यातले शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण सुधाकर रामलालाला व्यसनाच्या पायऱ्या समजावून देतो, आणि खालच्या पायरीवरून परत वर चढणे का घडत नाही ते सांगतो, त्या भाषणात हे रहाट त्यांनी स्पष्ट ओळखलेले दिसते.

आता आम्ही ज्या प्रवेशासाठी हा लेख लिहीत आहोत त्याकडे येतो. सुधाकर दारू सोडतो. नाटकातली ही घटना प्रेक्षकांच्या स्मरणात फारशी राहत नाही, इतकी ती सिंधूच्या शोकाने आणि अखेरच्या भीषणतेने झाकोळून गेली आहे. पण तो खरोखर सोडतो, आणि कामाच्या शोधात घराबाहेर पडतो. जुन्या ओळखीच्या, प्रतिष्ठित माणसांची दारे ठोठावतो. कोणी विश्वास ठेवीत नाही; अवहेलना तेवढी पदरी पडते; आणि तो परत येतो तो पेल्याकडेच. पहिल्या पेल्याचे कारण ज्यांना अपुरे वाटते, त्यांनी या दुसऱ्या पहिल्या पेल्याचे कारण तपासावे.

मध्यंतरी भिलाईत एका स्नेह्यांच्या घरी आम्ही काही मंडळींनी भूमिका वाटून घेऊन हे नाटक वाचले. सुधाकराचा भाग ज्यांच्याकडे आला त्यांनी वर्षभरापूर्वी दारू सोडली होती, हे उपस्थितांपैकी दोघा-तिघांनाच ठाऊक होते. वाचन संपल्यावर नेहमीची चर्चा सुरू झाली. एका पेल्याने असे होईल काय, हा प्रश्न नेहमीप्रमाणे निघाला. तेव्हा हे गृहस्थ म्हणाले, “पहिला पेला मला आठवतही नाही. सोडल्यानंतरचा पहिला सोमवार मात्र आठवतो.” मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या संमतीने येथे थोडक्यात देतो. रजा संपवून ते कामावर रुजू झाले तेव्हा कोणी काही बोलले नाही. पण बोलताना माणसे किंचित पुढे झुकत, वास घेण्यासाठी. महत्त्वाचे कागद त्यांच्या टेबलावरून परस्पर दुसरीकडे जाऊ लागले. संध्याकाळचे सहा ते नऊ हे तीन तास कुठे ठेवावेत हेच कळेना. आणि सर्वांत वाईट हे की दारू गेल्यावर मन हलके होईल असे जे त्यांना वाटले होते, ते झाले नाही. दारूने इतकी वर्षे जे झाकून ठेवले होते ते आता उघडेच समोर बसू लागले. डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या त्यांनी पंधरा दिवस कपाटातच ठेवल्या. एक सोडून दुसरे धरायचे काय, हा मानी प्रश्न. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, त्यांचा गुण दिसावयास काही आठवडे जावे लागतात, आणि त्या मनाने बंद करावयाच्या नसतात, हे समजावून घेण्यास त्यांना दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे जावे लागले. “सुधाकर ज्या दारांवर गेला,” ते म्हणाले, “त्यांपैकी एक जरी उघडले असते, तर नाटक तिथेच संपले असते; आणि कोणी पाहावयासही गेले नसते.”

या शेवटच्या वाक्यावर मंडळी हसली. आम्हांस मात्र हे मर्मावरचे बोट वाटले. शोकांतिकेला जे आवश्यक आहे, ते समाजाला आवश्यक नसते.

येथे गडकऱ्यांच्या बाजूने बोलणे थांबवून त्यांच्या विरुद्ध दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. दारू सोडण्याच्या यातनेचा शारीर भाग त्यांनी जवळजवळ वगळला आहे. दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दिवसापासून हातपाय कापू लागतात, घामाचे लोट येतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून हे काम वैद्याच्या देखरेखीखाली व्हावे लागते. केवळ निर्धाराच्या बळावर, घरच्या घरी, शपथेसरशी ते करू पाहणे धोक्याचे आहे. गडकऱ्यांचा सुधाकर शपथेसरशी सोडतो. त्या काळच्या रंगभूमीला कापणारे हात दाखविता आले नसते असे नाही. पण त्या रंगभूमीचे सारे प्रेम वाणीवर होते.

वाणीचाच दुसरा आक्षेप. सुधाकर फार सुंदर बोलतो. उपमांवर उपमा येतात, वाक्यांना ताल असतो, आणि अधःपाताच्या ऐन तळाशी असताना त्याची प्रतिभा ऐन शिखरावर असते. खचलेला मनुष्य असा बोलत नाही. तो फारसे बोलतच नाही. विचारलेल्या प्रश्नाला ‘हं’ म्हणतो, आणि अर्धे वाक्य टाकून खिडकीकडे पाहतो. चार्ल्स जॅक्सन या अमेरिकन लेखकाच्या १९४४ सालच्या ‘द लॉस्ट वीकएंड’ या कादंबरीत, जिच्यावर पुढच्याच वर्षी बिली वाइल्डर यांनी चित्रपट काढला, लेखक मद्यप्याच्या डोक्यातच मुक्काम ठोकतो. त्यामुळे तेथे मौनालाही शब्द देता येतात. नाटककाराला ही सवलत नसते हे खरे. तरी गडकऱ्यांनी सुधाकराच्या तोंडून जे बोलविले ते बव्हंशी सुधाकराविषयीचे त्यांचे स्वतःचे भाष्य आहे. ते अप्रतिम आहे. पण त्यामुळे झाले असे की प्रेक्षकाला भाषा ऐकू आली आणि दुखणे ऐकू आले नाही. गणपतराव बोडसांसारख्या नटाने ही भूमिका गाजविली. टाळ्या मात्र, आमचा तर्क आहे, अशा वाक्यांना पडल्या असतील ज्यांवर सभागृह स्तब्ध व्हावयास हवे होते.

आणि तरीही हे नाटक त्याच्या कर्त्याहून शहाणे आहे, असे म्हणण्यास एक सबळ आधार आहे. तो म्हणजे भगीरथ. या पात्राकडे टीकाकारांनी उपकथानकातले एक गोड पात्र म्हणून पाहिले. भगीरथही पितो, आणि तोही दुःखानेच; त्याचे दुःख प्रेमभंगाचे. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात तोही बसतो. पण भगीरथ सुटतो. का सुटतो? सुधाकरापेक्षा त्याचा निर्धार मोठा होता असे नाटकात कोठेही सुचविलेले नाही. रामलाल त्याला सेवेचे काम देतो, आपल्याजवळ घेतो, त्याच्यावर विश्वास टाकतो. एवढेच. तोच रामलाल आपल्या जिवलग मित्राला मात्र उपदेश देतो. उपदेश उत्तम आहे, कळकळीचा आहे, आणि निरुपयोगी आहे. अनोळखी मनुष्याला काम आणि मित्राला व्याख्यान, हा रामलालाच्या वागण्यातला भेद गडकऱ्यांनी हेतुपुरस्सर योजिला असेल असे आम्हांस वाटत नाही. पण तो तेथे आहे. (रामलालाला पुढे स्वतःच्याच मनाशी झुंजावे लागते, हे लक्षात घेता त्याला सर्वस्वी दोष देणेही बरे नव्हे.) भगीरथाचा उद्धार जरा फार लवकर होतो, एवढी तक्रार करून आम्ही म्हणतो की सुधाकराच्या प्रश्नाचे उत्तर लेखकाने शेजारच्याच प्रवेशात लिहून ठेवले होते.

आर्यमदिरामंडळाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मद्यप्यांची ही सभा गडकऱ्यांनी विनोदासाठी रचली. तेथे माणसाला कोणी हिणवीत नाही, कोणी मागचे उकरीत नाही. येणाऱ्याला जागा असते. सभ्य समाजाची दारे बंद झाल्यावर सुधाकराला उघडे असलेले ते एकमेव दार. पहिल्या प्रयोगानंतर सोळा वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेतील ॲक्रन या गावी एक शेअर-दलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही दारूने पोळलेले, एकत्र आले आणि त्यांनी नेमके उलटे मंडळ स्थापिले, ज्यात दारू सोडू पाहणारेच एकमेकांना भेटतात, नाव-गाव न सांगता. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हे त्याचे नाव. १९५७ साली ते भारतात आले. तळीरामाने जे ओळखले होते, की एकट्याला हे पेलत नाही, तेच या दोघांनी ओळखले.

सिंधूविषयी लिहिणे अवघड आहे. बालगंधर्वांनी त्या भूमिकेत जे केले त्याच्या कथा अजून घराघरांत सांगितल्या जातात, आणि विठ्ठल सीताराम गुर्जरांची पदे अद्यापि गायिली जातात. पण ही साध्वी काय करते? दळण दळते, माहेरची मदत नाकारते, आणि अखेरीस मरणाच्या दारात असतानाही नवऱ्याचा अपराध पोलिसांपासून लपविते. तीन पिढ्यांनी याला पातिव्रत्य म्हणून डोळे पुसले. आमच्या वसाहतींतील बंगल्यांतही हे लपविणे चालते. साहेबांना बरे नाही, असा निरोप फाटकावरूनच दिला जातो, आणि शेजारीण तो निरोप खरा मानल्यासारखे दाखविते. मुलखापासून दूर असल्यामुळे सासर-माहेर दोन्ही पत्रापुरते किंवा फोनपुरते उरते, आणि लपविणे अधिकच सोपे होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचाराचा भाग मानतात, पत्नींना एकत्र बसवून बोलते करतात. सिंधूला अशी एखादी बैठक मिळती तर तिने तेथे काय सांगितले असते, हा विचार नाटक वाचताना आता आमच्या मनातून जात नाही.

भिलाईच्या वाचकांस आणखी एका गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुरातून चाले; १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलाद कारखाना ठरला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या भट्ट्यांना लोहखनिज येते ते दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून. तेथील कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभारली. त्या वर्षीच्या जूनमध्ये गोळीबारात अकरा जणांचे प्राण गेले. नंतर मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली. तेव्हा संघटनेने दारू हा आपल्या लढ्याचा विषय केला. वस्तीवस्तीत सभा झाल्या, स्त्रिया पुढे आल्या, शपथा झाल्या, पिणाऱ्याला दंड झाला. त्याच कामगारांनी १९८३ मध्ये आपल्या पैशाने व श्रमाने शहीद रुग्णालय उभे केले. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली.

दंडाने खिन्नता जात नाही, आणि वस्तीसमोर उभे राहण्याची लाज एखाद्या आधीच खचलेल्या मनुष्याला आणखी खोल लोटू शकते, ही शंका आम्ही राखून ठेवतो. पण खाणीतल्या मजुराची दारू ही तेथे साऱ्या वस्तीची बाब झाली. शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या आमच्या टाउनशिपमध्ये अधिकाऱ्याची दारू ही अजून त्याची खासगी बाब आहे. २०१७ पासून छत्तीसगडात दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करते, तेव्हा मिळण्याची अडचण नाही. आणि क्लबात तिला प्रतिष्ठाही आहे. नाही ते विचारणारे दार. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, आणि तीवर मराठीतही बोलता येते. परमुलखात ज्याला आपले दुःख हिंदीत वा इंग्रजीत नीट मांडता येत नाही, त्याला ही सोय लहान वाटू नये. साहित्याच्या पानावर हा क्रमांक छापणे काही वाचकांस खटकेल. आम्हांस खटकत नाही.

गणेशोत्सवात किंवा मंडळाच्या वार्षिक संमेलनात ‘एकच प्याला’चे निवडक प्रवेश करण्याची हौस आमच्या हौशी मंडळींत अजून टिकून आहे. पाच अंकी नाटक आज कोणी संपूर्ण करीत नाही; कात्री लावावीच लागते, आणि ती लावताना पदे, पाळण्याचा प्रवेश व तळीरामाचा विनोद राखला जातो. आमची सूचना एवढीच की कामासाठी दारोदार फिरणाऱ्या सुधाकराचा प्रवेश वगळू नये. हवे तर मदिरामंडळाची दहा मिनिटे कमी करावीत. आणि त्या प्रवेशात सुधाकराने भाषणे सावकाश, जवळजवळ नाइलाजाने म्हणावीत. आवाज चढवू नये. वाक्य पुरे करण्याआधी एखादे वेळी थांबावे. ज्या प्रतिष्ठिताच्या दारावर तो जातो त्याची भूमिका मात्र मंडळातल्या सर्वांत चांगल्या, सर्वांत सुस्वभावी दिसणाऱ्या सभासदाला द्यावी.